एकाच पडद्यावर

बाबांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि तीस वर्षं त्यावर छपाईसाठी पुस्तकांची पानं जुळवणारा माणूस घरात गप्प गप्प राहू लागला. लेकीच्या मोठ्या मॉनिटरवर लिनक्समध्ये ऑफिसची तीन व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतले कॉम्प्युटर, चालत. पडद्याच्या उरलेल्या कोपऱ्यात तिने बाबांचा कॉम्प्युटरही तसाच, होता तसा उभा केला आणि वेगळा कीबोर्डही जोडून दिला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. "ही वेलांटी बघ," ते मधूनच म्हणत. हातातलं काम सोडून ती बघे.

महिन्याभराने तिला राहवेना. "बाबा, खरं तर हे तुमच्या खोलीतल्या लॅपटॉपवरही चाललं असतं."

"कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या दुकानदाराने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मला," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "तू बोलली नाहीस, म्हणून मीही गप्प बसलो."