‘सरकी’ची गळती

हेमा निकिताला सोबत घेऊनच आली, तेव्हाच भुजंग काय ते समजला. कीबोर्ड वाजवणारी दुसऱ्या कीबोर्डवालीला घेऊन घरी येते, ती काही हळदीकुंकवाला नव्हे.

“सासूबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन हाय,” हेमा म्हणाली. “मला आता न्हाई जमणार, दादा. ही निकिता. पाथरीची हाय, चांगली वाजवती.”

“गुडघे सासूचे, आन बँड तू सोडायलीस?”

तेवढ्यात भुजंगची बायको राजेश्री चार कप चहा घेऊन बाहेर आली. तिनं निकिताला साखरेचं विचारलं, घरच्यांची चौकशी केली, आणि भुजंगला भांडायला जागाच उरली नाही. नव्या पाहुणीसमोर आवाज चढवायचा नाही, एवढी रीत तोही पाळायचा.

दोघी गेल्यावर मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि का जाऊ नये? मानवतमध्ये बँड म्हटलं की लोकांना लग्नाची वरातच आठवायची, तेव्हा या चित्रकलेच्या मास्तरनं पॉप रॉक बँड काढला. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये सराव सुरू केला. हैदराबादहून ड्रम आणले, ते ट्रकात गाठोड्यांवर बसून. नाव ठेवलं ‘सरकी’. कापसाच्या गावात याहून चांगलं नाव कुणाला सुचलं असतं? चौदा वर्षं गाणी त्याची आणि गाणाराही तोच. आणि आता ही गळती लागली होती.

पहिला गेला विवेक, गिटारवाला. त्याला दोन वर्षं झाली. जायच्या आधी महिनाभर तो भुजंगच्या मागे लागला होता, “दादा, गाणी दोन पट्ट्या खाली घ्यायची का?” भुजंगनं त्याला झापलं. इतकी वर्षं काळी चारच्या उंच पट्टीत गाणारा माणूस आता काय खाली उतरणार? मग विवेकचं मनगट दुखायला लागलं.

त्याच्यानंतर हरिओम, ड्रमवाला. त्याला एकाएकी भावाच्या बियाण्यांच्या दुकानाची आठवण झाली.

जाताना प्रत्येकानं बदली माणूस मात्र दिला, कारण तो भुजंगचा नियम होता. सालगडीसुद्धा साल मोडताना दुसरा गडी उभा करून जातो, तुम्ही तर कलाकार, असं तो म्हणायचा. नियम पाळला गेला, पण बदली ती बदलीच. नवा गिटारवाला प्रत्येक गाण्यात तीन ठिकाणी चाचपडायचा आणि भुजंगच्या तोंडाकडे बघत राहायचा. सोनपेठच्या कार्यक्रमात निम्मे लोक दुसऱ्या गाण्यालाच उठले. वरच्या सुरांना आवाज फाटला तो माईक भिकार होता म्हणून, असं भुजंग म्हणाला. सेलूलाही माईक भिकारच निघाला.

राजेश्री आताशा कार्यक्रमांना येत नसे. घरात मात्र तिच्याइतकं समजुतीचं कुणी नव्हतं.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “जाणाऱ्याला कुणी धरून ठेवलंय? तुमीबी थांबा की आता. चौदा वर्षं लय झाली.”

“मी थांबू? खाल्ल्या घरचे वासे मोजणारे हे, आन थांबायचं मी?”

ती कप उचलून आत गेली. एवढं होऊनसुद्धा जाणाऱ्यांना ती एक वाकडा शब्द बोलली नाही, याचाही भुजंगला राग आला.

आठवड्याभरानं शाळेतल्या रंगनाथसरांनी त्याला मोबाईलवर एक फोटो दाखवला. बोरीत नवा बँड निघालाय म्हणे, गणपतीत पहिला कार्यक्रम आहे. फोटोत गिटार घेऊन विवेक होता आणि ड्रमवर हरिओम. बियाण्यांच्या दुकानात ड्रम ठेवतात, हे भुजंगला नवीनच होतं.

गणपतीतच परभणीला ‘सरकी’चा कार्यक्रम ठरला होता. या बदली माणसांच्या जोरावर तो होणार नव्हता, आणि तो पडला की ‘सरकी’ संपली, हे भुजंगला पक्कं ठाऊक होतं. माणसं परत आणायची, नाहीतर विवेकनं बँड फोडला हे चारचौघांत त्याच्याकडूनच वदवून घ्यायचं, असं ठरवून रविवारी सकाळी त्यानं मोटारसायकल काढली.

“कशाला जायलाव एवढ्या उन्हात?” राजेश्रीनं हँडल धरलं. “फोनवर बोला की.”

“असलं फोनवर बोलत न्हाईत.”

बोरीच्या मंगल कार्यालयात सराव रंगात आला होता. विवेक गात होता. त्याचं मनगट ठणठणीत दिसत होतं. हरिओम घामानं निथळत होता. आणि कोपऱ्यात कीबोर्डवर हेमा होती. सासूचे गुडघे आठ दिवसांत बरे झाले होते.

भुजंगनं दारात उभं राहून अख्खं गाणं ऐकलं. गाणं चांगलं होतं. म्हणून तर तो जास्तच भडकला.

“माझी माणसं फोडलीस तू, विवेक.”

“मी कुणालाच बोलावलं न्हाई, दादा.”

“मंग काय आपोआप जमले?”

“दादा, बसा,” हरिओम म्हणाला. “पाणी घ्या आधी.”

“पाणी नको तुमचं. चौदा वर्षं माझ्या घरी जेवलाव तुमी. काही खुपलं असंल तर तोंडावर सांगायचं व्हतं. तिघांनी मिळून यायचं, चार शिव्या देऊन जायचं, तरी मी मानलं असतं. पण ह्याचं मनगट, त्याचं दुकान, हिची सासू! दोन वर्षं चोरावानी एकेक करून निघायचं, हे शिकवलं कुणी तुमाला?”

विवेकनं गिटार उतरवून ठेवली. शेवटी हेमानंच तोंड उघडलं.

“राजेश्रीवहिनींनी,” ती म्हणाली.