रिकाम्या ओळीतले नाव

नेब्रास्कातल्या त्या लहानशा काउंटीत वकील दोनच होते. सरकारी वकिलाच्या निवडणुकीला दर चार वर्षांनी अर्ज मात्र एकट्या लाइल स्टेन्सरूडचाच येई, आणि सलग सहा वेळा तो बिनविरोध निवडून आला. दुसरे वकील ऑर्विल होगन आतल्या आत जळत. अर्ज भरून हरण्याची त्यांना धास्ती होती; म्हणून अर्ज न भरलेल्या कुणाचे नाव लिहून त्याला मत देता यावे यासाठी मतपत्रिकेत ठेवलेल्या रिकाम्या ओळीवर ते गुपचूप स्वतःचे नाव लिहून येत. कोर्टाच्या दारावर लागणाऱ्या निकालात तळाशी दर वेळी असे: ऑर्विल होगन, एक मत.

सातव्या वेळी तिथे दोन मते होती.

ऑर्विल तरंगतच घरी आले आणि बायकोला म्हणाले, "डोरिस, शेवटी दिलंस ना मला मत?"

"मी? छे! मी लाइललाच देते. तुम्ही उभे कुठे होतात?"

संध्याकाळी कॉफीच्या दुकानात लाइल समोर येऊन बसला. तो थकलेला दिसत होता.

"एक तुझं, एक माझं," तो म्हणाला. "चोवीस वर्षं वाट बघतोय, तू अर्ज भरशील आणि मी सुटेन म्हणून. आणखी चार वर्षं अडकवलंस की रे!"