फुटपाथवरची सुनावणी

न्यायालयाबाहेरच्या फुटपाथवर पाच खुर्च्या होत्या: तीन समोरच्या न्हाव्याच्या, दोन फोटो स्टुडिओतल्या. राष्ट्राध्यक्षांनी एका सहीसरशी न्यायालयाला टाळं ठोकलं होतं, आणि तसा अधिकार त्यांना आहे का, याचीच आज सुनावणी होती. पाचही न्यायाधीश खुर्च्यांवर बसले.

सरकारी वकील धापा टाकत आले. "उठा बाई! न्यायालय बंद आहे, सुनावणी होऊ शकत नाही. तुम्हाला धरायला मागे पोलीस उभे आहेत."

"न्यायालय बंद आहे, तर काळा कोट घालून माझ्यापुढे कशाला आलात?" मुख्य न्यायाधीश बाईंनी विचारलं. "दाढी करायला?"

पोलीससुद्धा हसले.

 

निकाल पाच विरुद्ध शून्य लागला. टाळं तोडायला पोलिसांना दोन घाव पुरले.