डाव्या हाताचं मडकं

शेवाळल्या पायरीवरून दार्सोनोंचा पाय सटकला आणि पोनिरा म्हातारीने त्यांना दंडाला धरून सावरलं.

"सांगितलं होतं, धाकटे मालक. या पायऱ्या बूट ओळखत नाहीत."

मागून सुराबाया शहरातली गिऱ्हाईक बाई आली, बू हार्तिनी. वहाणा हातात धरून ती अनवाणी, सरळ खाली उतरली आणि झऱ्याकडे बघत राहिली.

केडुंगलावे वाडीत घरं सात आणि झरा एक. तो दार्सोनोंच्या वडिलांच्या जागेत. वडील गावप्रमुखाच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा सातही घरांनी दुसऱ्याला मत दिलं. वडील ते विसरून वारले. जकार्तात वाढलेला मुलगा विसरला नाही. गेल्या सुगीनंतर वाडीने ही जागा विकत मागितली, तेव्हा त्यांनी निरोप धाडला, "या वाडीतल्या माणसाला वीतभरही नाही." आणि जाहिरात दिली : डोंगराच्या कुशीत सागवानी घर, मालकीचा बारमाही झरा, शेजार शांत.

चार गिऱ्हाइकं येऊन गेली. घराची किल्ली पोनिराकडे. ती प्रत्येकाला गोड चहा देई, उकडलेली केळी देई आणि निघता निघता झऱ्यातल्या राखणदाराची गोष्ट सांगे. चौघांपैकी एकही पुन्हा फिरकला नाही. म्हणून या खेपेला दार्सोनो स्वतः आले होते. हीही गेली तर जागा बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याला जाणार होती. मग वाडीला थेंब राहणार नव्हता.

"पाण्यात राखणदार आहे, बू," पोनिराने सुरुवात केली.

"असू दे. पगार तर मागत नाही?"

दार्सोनो हसले.

"पावसात वाट वाहून जाते."

"बरंच की. नको ते पाहुणे यायचे नाहीत."

खाली बायका घडे भरत होत्या. पोनिराही वाकली, आपला घडा धारेखाली धरला आणि सवयीने गुणगुणली,

*डोंगराच्या लेकी बाई, किती दूर धाव...*

तिथेच थांबली.

"पुढचं विसरलीस?" दार्सोनोंनी चिडवलं.

"पुढची ओळ माझी नाही, धाकटे मालक."

हार्तिनीने बायकांकडे बोट केलं. "या रोज येतात?"

"दोन वेळा."

"मग भिंत घालावी लागेल. फाटक. कुलूप."

लास्मी नावाच्या बाईने घडा कमरेवर घेतला. "आणि आम्ही कुठं जायचं?"

"मला काय विचारतेस? विकणाऱ्याला विचार."

बायकांनी माना खाली घातल्या. दार्सोनोंना फार दिवसांनी इतकं हलकं वाटलं. कारखान्याने पाणी नेलं असतं, पण या सात घरांची तोंडं अशी समोर उभी राहून उतरलेली बघायला मिळाली नसती.

वर घराकडे जाताना त्यांचं लक्ष गोठ्यांकडे गेलं. सगळे रिकामे.

"गाई कुठे गेल्या?"

"विकल्या," पोनिरा म्हणाली. "पाण्याचाच भरवसा नाही, तर दावणीला काय बांधायचं?"

घराच्या दाराशी, डाव्या हाताला, एक मडकं जमिनीवर पालथं होतं. दार्सोनोंनी बुटाने ते बाजूला सारायला पाय उचलला.

"नका, धाकटे मालक. माझ्या लेकीची वार पुरलीय तिथं. तुमच्या घरी कामाला होते, मागच्या खोलीतच झाली ती. मुलीची डावीकडे पुरतात."

"तुला लेक होती?"

"सारखी तापाने फणफणायची. नाव जड झालं होतं तिला. सात वर्षांची होती." म्हातारीने पदराने मडक्यावरची धूळ पुसली. "ते नाव आता कुणी घेत नाही."

दार्सोनोंनी मान हलवली. गेलेल्या लेकराबद्दल जास्त विचारू नये.

"राहू द्या ते," हार्तिनी तुटकपणे म्हणाली. "जागा माझी झाली की काय काढायचं नि काय ठेवायचं ते मी बघेन. म्हातारी, किल्ली तयार ठेव. आणि तुझं ते अर्धवट गाणं इथे चालायचं नाही."

"पक्कं करायचं?" दार्सोनोंनी विचारलं.

"गुरुवारी. उशीर मला खपत नाही."

गुरुवारी तालुक्याला नोटरीसमोर सह्या झाल्या. हार्तिनीला वाडीत सोडायला दार्सोनो मुद्दाम गाडी घेऊन आले, पडलेले चेहरे एकदा शेवटचे बघायला. अंगणात केळीच्या पानांवर पिवळ्या भाताचा कमरेएवढा शंकू रचला होता. भोवती वाटलेल्या खोबऱ्यातल्या भाज्या, सोयाबीनच्या टेंपेच्या तळलेल्या वड्या, अख्खी कोंबडी. सातही घरं हजर.

"हे कशासाठी?"

"नवी मालकीण आली," लास्मी म्हणाली. "मान नको द्यायला?"

"एवढ्यात वाकलात?"

"वाकल्याशिवाय घडा भरत नाही, धाकटे मालक."

दार्सोनो पोटभर हसले. बोलावलं तरी जेवले नाहीत. गाडी बांबूच्या बेटामागे वळली, तिचा आवाज भातखाचरांवरून विरत गेला, तरी कुणी भाताला हात लावला नाही.

हार्तिनी दाराच्या डाव्या हाताला मातीतच बसली. तिने मडक्यावर तळवा ठेवला.

"लास्मी," ती म्हणाली, "पहिली गाय तुझ्या गोठ्यात यायला हवी. या जागेच्या पैशासाठी तुझीच सगळ्यात आधी विकली गेली."

"आधी कुलूप कुठं लावतेस ते सांग, भवाने," लास्मी म्हणाली. "त्या दिवशी हसू दाबता दाबता माझा घडा सुटत होता."

पोनिराने पायरीवर घडा टेकवला.

*डोंगराच्या लेकी बाई, किती दूर धाव...*

ती थांबली. मडक्याजवळून पुढची ओळ आली, जराशी भरडी, पण सुरात :

*सागराला गेलीस तरी डोंगर तुझं गाव.*

म्हातारीने भाताच्या शंकूचं टोक कापलं, पानावर घेतलं आणि ते पान हार्तिनीच्या हातात दिलं.

"ते जड नाव बदललं नि ताप गेला. नवं नाव पेललं गं तुला, पोरी."