आठ चेंडूंचं कोडं

“आठ चेंडू आहेत,” नंदकुमार म्हणाला. “दिसायला सारखे, एकच जड. तराजू दोनदाच वापरायचा. जड चेंडू कसा शोधाल?”

“पगाराच्या प्रोग्रामात चेंडू कुठून येतात?” अनुपमाने विचारलं.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत कॉम्प्युटरची खोली एसी होती आणि मुलाखतीची खोली भट्टी. सत्त्याऐंशी साल, माणसापेक्षा मशीनचे लाड जास्त. जागा एकच होती, आणि ती कोणाला मिळणार हे याच खोलीत ठरणार होतं. बाहेरच्या बाकावर उमेदवार घाम पुसत बसले होते. टेबलामागे नंदकुमार सारखा टाय सरळ करत होता.

“मॅडम, कोडी सोडवता येणं म्हणजेच डोकं.”

“पाठांतर म्हणजे डोकं नाही. ही आठ चेंडूंची गंमत सगळं मालाड पाठ करून येतं.”

शिपाई लवू चहा घेऊन आला. बिनसाखरेचा कप न विचारता अनुपमापुढे ठेवला, दुसरा नंदकुमारपुढे.

“मग काय विचारायला हवं?” नंदकुमारने जरा टेचात विचारलं.

“बिघडलेला प्रोग्राम समोर टाका. लिहिणारा दुबईला गेलाय, आणि उद्या पगार व्हायचेत. माणूस कुठून सुरुवात करतो, अडला तर कोणाला विचारतो, ते बघा. चूक त्याचीच निघाली तर सांगतो की लपवतो, ते तर बघाच.”

“चुका करणारी माणसं आम्हाला नकोतच.”

“मग तुम्हाला माणसंच नकोत.”

नंदकुमारने घसा खाकरला. पुढचा प्रश्न ठरलेलाच होता; बाई समोर असली की तो येतोच.

“लग्न झाल्यावर नोकरी सोडाल?”

अनुपमाच्या डोक्यात तिडीक गेली. आजवर हा प्रश्न तिने प्रत्येक मुलाखतीत गिळला होता. आज नाही.

“पुरुषांना हे विचारता?”

“त्यांचं वेगळं असतं.” तो समजूत घातल्यासारखा हसला. “कोड्याचं उत्तर नाही, वर उलट बोलणं. सॉरी, तुम्हाला घेता येणार नाही.”

“नक्की ठरलं?”

“नक्की.”

अनुपमाने चहा संपवला, उठली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“मग उठा,” ती म्हणाली. “माझ्या हाताखाली माणसं निवडणारा हवा होता, म्हणून तुम्हाला माझ्या खुर्चीत बसवून, मी उमेदवार होऊन बघितलं. जाताना पुढच्या उमेदवाराला आत पाठवा.”