सोमवारचं मौन

नव्या लातूर जिल्ह्याच्या पहिल्या प्रदर्शनासाठी आमचे हे चार महिने रॉकेटची प्रतिकृती जोडत होते. दुष्काळी हवेनं तिचे लाकडी पंख पुन्हा पुन्हा तडकायचे, मग हे भिंतीवर मुठी आपटायचे.

सोमवारी दिवा लागेपर्यंत माझं मौन असतं. त्या दुपारी ह्यांनी शेवटचं, शेंड्याचं टोक चिकटवलं. रॉकेट पुरं झालं आणि आतून धक्के बसू लागले.

ह्यांनी कान लावला. कानातून रक्ताचा ओघळ आला, तरी हे हसले.

"अगं, मौन हाय ना तुझं? मग आतून 'मारू नका' म्हणून कोण ओरडून राहिलं? आवाज तर तुझाच हाय."

पंख कापायची सुरी घेऊन हे उठले, माझ्याकडे वळले. मी व्रत मोडलं, जिवाच्या आकांतानं तोंड उघडलं.

माझी किंकाळी रॉकेटातून आली.