जुन्या चेकांवरची सही
कंपवातामुळे तानीबाईला लिहिणे पुरते अशक्य होण्याआधीच आण्णाप्पांनी दोघांच्या खात्याच्या चेकबुकातल्या प्रत्येक पानावर तिची सही घेऊन ठेवली होती. लग्नानंतर त्यांनीच तिचा हात धरून ती गिरवून घेतली होती. माहेरी सगळ्या बायका अंगठाच उठवत. आज निपाणीच्या शाखेत कारकुनाने चेक परत सरकवला. “आण्णा, बँकेचं नाव बदललंय; हे चेक आता चालत न्हाईत. नव्या चेकबुकाच्या अर्जावर आक्कांची सही पायजे.” “सही तिचीच हाय की ह्यावर!” “व्हय, पण बँक ती न्हाय.” शेजारी बसलेल्या तानीबाईने पेन धरले, पण अर्जावर नुसत्या रेघोट्या उमटल्या. “ऱ्हाऊ द्या आक्का, अंगठा चालतोय,” म्हणत कारकुनाने शाईची डबी पुढे केली. “अंगठा नगं,” तानीबाई पुटपुटली आणि तिने अंगठा आत दाबून मूठ घट्ट आवळली. आण्णाप्पा तोच हात धरून तिचे एकेक बोट उलगडू लागले.